नाकापेक्षा मोती जड : पगच्या चेहऱ्याची गोष्ट

२००३ साली मोबाइल फोनची एक जाहिरात टीव्हीवर लागू लागली. एक शाळकरी मुलगा आणि त्याच्यामागे दुडदुडत चालणारा बुटका, बदामी रंगाचा, काळ्या तोंडाचा कुत्रा. मुलगा जाईल तिथे कुत्रा. जाहिरात 'हच' कंपनीची होती आणि तिचं चित्रीकरण गोव्यात झालं होतं. तुम्ही जाल तिथे आमचं नेटवर्क तुमच्या मागे येईल, एवढंच तिला सांगायचं होतं. लोकांच्या लक्षात राहिला तो कुत्रा. २००७ साली हचची व्होडाफोन झाली, तरी तो जाहिरातींत टिकून राहिला. आपल्याकडे कित्येक वर्षं त्याला जातीच्या नावाने कोणी ओळखतच नव्हतं. तो 'हचवाला कुत्रा' होता, मग 'व्होडाफोनचा कुत्रा' झाला. त्याचं खरं नाव पग.

त्या जाहिरातीनंतर पुण्या-मुंबईपासून नागपूरपर्यंत पगच्या पिल्लांना मागणी आली. आज सकाळी कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या आवारात उभं राहिलं, तर एखादा तरी पग धापा टाकत चालताना दिसतो. त्याचं ते धापा टाकणं आपल्याला त्याच्या जातीचा स्वभाव वाटतं. तो स्वभाव नाही. त्या धापेमागे माणसाच्या हौसेचा मोठा इतिहास आहे आणि पग पाळणाऱ्या, पाळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असायला हवा.

सोबत हेच काम

माणसाने कुत्रा जवळ केला तो कामासाठी. कुणी राखण केली, कुणी शिकार, कुणी मेंढरं वळवली. धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा आणि कारवानी शिकारी कुत्रा यांच्या अंगकाठीतच त्यांचं काम दिसतं. पगच्या अंगकाठीत असं कुठलंच काम दिसत नाही. त्याला वेगाने पळता येत नाही, त्याचा जबडा शिकार धरण्याजोगा नाही आणि राखणीला तो फारसा उपयोगाचा नाही, कारण अनोळखी माणूस आला तरी शेपूट हलवत सामोरा जाण्याकडेच त्याचा कल असतो. माणसाजवळ असणं, हेच त्याचं काम. माणसाला नुसती सोबत हवी म्हणून घडवलेल्या फार जुन्या जातींपैकी ही एक आहे.

तिचं मूळ चीनमध्ये आहे. आखूड नाकाचे लहान कुत्रे तिथल्या राजदरबारात फार पूर्वीपासून पाळले जात. हान घराण्यातल्या लिंग सम्राटाला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, कुत्र्यांचं इतकं वेड होतं की त्याच्या बागेत कुत्र्याच्या डोक्यावर अधिकाऱ्याची टोपी चढवल्याची नोंद चिनी इतिहासग्रंथात आहे. ते कुत्रे कोणत्या जातीचे होते हे त्या नोंदीतून ठरत नाही. पण कुत्रा हा दरबारी लाडाचा विषय तेव्हाच झाला होता, एवढं त्यातून नक्की कळतं.

पुढच्या शतकांत या लाडक्यांचे निरनिराळे प्रकार झाले. लांब केसांचा पेकिनीज हा त्यातला एक आणि आखूड केसांचा, पगचा पूर्वज, हा दुसरा. पगच्या कपाळावरच्या सुरकुत्यांना चीनमध्ये विशेष मोल होतं असं सांगतात. तीन आडव्या आणि त्यांना छेदणारी एक उभी अशी घडी पडली, तर 'राजा' या अर्थाचं चिनी अक्षर तयार होतं. ते अक्षर ज्याच्या कपाळी उमटलं तो कुत्रा भाग्याचा. चेहऱ्यावर मोल ठरायला सुरुवात झाली ती अशी.

चीनमधून युरोपात

सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज आणि डच जहाजं पूर्वेकडच्या बंदरांत ये-जा करू लागली. मसाले, रेशीम, चिनी मातीची भांडी यांच्यासोबत हे कुत्रेही युरोपात पोचले. नेदरलँड्समध्ये त्यांना 'मॉप्स' हे नाव पडलं. डच भाषेतल्या कुरकुरणं या अर्थाच्या शब्दाशी ते जोडलं जातं. कपाळाला कायमच्या आठ्या आणि नाकातून सतत घुरघुर, म्हणून कुरकुऱ्या. जर्मनीत आजही पगला मॉप्सच म्हणतात.

डच लोकांच्या मनात या कुत्र्याला मानाचं स्थान मिळालं ते एका गोष्टीमुळे. स्पेनविरुद्धच्या बंडाचा नेता ऑरेंजचा विल्यम १५७२ साली मॉन्स शहराजवळ छावणी करून होता. रात्री स्पॅनिश सैनिकांनी छापा घातला, तेव्हा त्याच्या तंबूतल्या कुत्र्याने पंजे मारून, भुंकून त्याला जागं केलं आणि तो बचावला. रॉजर विल्यम्स नावाच्या वेल्श सैनिकाने ही हकिकत लिहून ठेवली आहे. विल्यमने मरेपर्यंत त्याच कुत्र्याच्या वंशातला एक कुत्रा जवळ बाळगला, असंही तो सांगतो. डेल्फ्टच्या चर्चमध्ये विल्यमची भव्य समाधी आहे आणि तिथे त्याच्या पायाशी संगमरवरी कुत्रा बसलेला आहे. पगप्रेमी मंडळी हा कुत्रा पग होता असं मानतात. विल्यम्सने मात्र ते कुत्रे पांढरे आणि वाकड्या नाकाचे असल्याचं लिहिलंय. समाधीवरचा कुत्राही पगसारखा दिसत नाही. त्यामुळे ही कथा पगच्या नावावर ठामपणे मांडता येत नाही. पण ऑरेंज घराणं आणि पग यांचं नातं लोकांच्या मनात पक्कं झालं. याच घराण्यातला विल्यम तिसरा १६८९ साली पत्नी मेरीसह इंग्लंडच्या गादीवर बसला, तेव्हा राजाबरोबर पगही आले आणि त्यांच्या गळ्यात नारिंगी फिती होत्या, असं सांगितलं जातं.

अठरावं शतक हे युरोपातल्या पगचं वैभवाचं शतक. पोपने १७३८ साली कॅथलिकांना फ्रीमेसन मंडळात जायला बंदी केली, तेव्हा जर्मनीतल्या हौशी उमरावांनी १७४०च्या सुमारास 'मॉप्स'च्या नावाने वेगळं गुप्त मंडळ काढलं. निष्ठेचं प्रतीक म्हणून त्यांनी पगची निवड केली. नव्या सभासदाने आत येताना कुत्र्यासारखं दार खरवडायचं, असा त्यांचा रिवाज होता. त्या काळी सहसा न आढळणारी गोष्ट म्हणजे या मंडळात स्त्रियांनाही प्रवेश होता. माइसेनच्या प्रसिद्ध कारखान्यात याच काळात चिनी मातीचे सुबक पग घडत होते. स्पेनमध्ये गोयाने रंगवलेल्या पोंतेखोसच्या मार्क्वेसाच्या चित्रात तिच्या पायाशी पग आहे. फ्रान्समध्ये नेपोलियनची पत्नी जोसेफिन हिचा 'फोर्च्युने' नावाचा पग होता. क्रांतीच्या धामधुमीत ती तुरुंगात असताना हा कुत्रा गळपट्ट्यात दडवलेल्या चिठ्ठ्या ने-आण करी, आणि पुढे लग्नाच्या रात्री पलंगावरची जागा सोडायला तयार नसलेल्या या कुत्र्याने नेपोलियनला चावा घेतला, अशा कथा प्रसिद्ध आहेत.

एका चित्राची साक्ष

या सगळ्या कथांपेक्षा मला एक चित्र जास्त मोलाचं वाटतं. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ साली स्वतःचं चित्र काढलं आणि त्यात आपल्या लाडक्या 'ट्रम्प' या पगला पुढे बसवलं. लंडनच्या टेट संग्रहालयात ते आहे. त्या कुत्र्याकडे नीट पाहावं. रंग ओळखीचा, तोंडाचा काळेपणा ओळखीचा. पण त्याला नाक आहे. चेहऱ्यापासून पुढे आलेलं, स्पष्ट दिसणारं नाक. पायही आजच्या पगपेक्षा लांब आहेत. आखूड तोंडाचा असला तरी तो मोकळा श्वास घेऊ शकेल, असं त्या चेहऱ्याकडे पाहून वाटतं.

मग हे नाक गेलं कुठे?

त्याचं उत्तर एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मिळतं. १८५९ साली न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं. १८७३ मध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि १८८३ मध्ये खास पगसाठीचा क्लब निघाला. अमेरिकेच्या केनेल क्लबने १८८५ साली पगची नोंद केली. दरम्यान १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटून जाळला होता. त्या लुटीत दरबारी कुत्रेही युरोपात गेले. 'लॅम्ब' आणि 'मॉस' ही पगची जोडी त्याच सुमारास चीनमधून इंग्लंडात आली आणि त्यांच्या 'क्लिक' या पिल्लाचं रक्त पुढच्या इंग्रज पगमध्ये पसरलं, असं या जातीच्या परंपरेत सांगतात. राणी व्हिक्टोरियानेही हौसेने पग पाळले. राणीच्या दारी जे असतं ते प्रजेलाही हवं असतं.

प्रदर्शन आलं की बक्षीस आलं आणि बक्षीस आलं की मापं आली. अमुक रंग, अमुक कान, शेपटीला दोन वेढे, डोकं गोल, डोळे मोठे, तोंड आखूड. परीक्षकांनी जरा अधिक आखूड तोंडाला पसंती दिली की पुढच्या पिढीसाठी तोच नर आणि तीच मादी निवडली जाई. दरवेळी फरक अगदी बारीक. पण जातीबाहेरचं रक्त येऊ द्यायचं नाही असा नियम असल्यामुळे तो पुढच्या पिढीत कायम होत गेला. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसंच नाक थोडंथोडं करत आत गेलं.

आपल्याला असा चेहरा का आवडतो, याचंही उत्तर आहे. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ साली मांडलं की गोल चेहरा, मोठं कपाळ, मोठे डोळे आणि बसकं नाक दिसलं की माणसाच्या मनात आपोआप माया दाटते, कारण ही तान्ह्या बाळाची ठेवण आहे. पग मोठा झाला तरी त्याचा चेहरा बाळाचाच राहतो. आपण कुत्र्यात बाळ शोधलं आणि ते त्याच्या हाडांत कोरून घेतलं.

नाकामागे काय घडलं

कुत्र्याची कवटी आखूड होण्यामागे एकच जनुक नाही. त्यातलं मोठा वाटा असलेलं एक जनुक शास्त्रज्ञांनी २०१७ साली शोधलं. त्याचं नाव एसएमओसी-२. या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा शिरला की त्याचं काम मंदावतं आणि चेहऱ्याची हाडं पुढे वाढत नाहीत.

खरी अडचण इथून सुरू होते. हाडं आखूड झाली, पण हाडांच्या आत जे राहतं ते त्या प्रमाणात लहान झालं नाही. घराच्या भिंती आत सरकवल्या आणि सामान तेवढंच ठेवलं, तर जशी गत होईल तशी पगच्या तोंडाची झाली आहे. मोठ्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, पगलाही तेवढेच. ते मावत नाहीत म्हणून वेडेवाकडे येतात. टाळूचा मागचा मऊ पडदा घशात लोंबतो आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी अडतो. नाकपुड्या चिमटलेल्या राहतात. जीभ जाड, घशात गर्दी. श्वास आत ओढायलाच जोर लागतो आणि वर्षानुवर्षं तो जोर लावून स्वरयंत्राच्या आसपासच्या ऊतीही आत ओढल्या जातात. डोळ्यांच्या खोबण्या उथळ असल्यामुळे डोळे बाहेर येतात आणि जरा काही लागलं की बुबुळाला जखम होते. नाकावरच्या घडीत ओल राहून त्वचा सडते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. दागिना जड झाला की नाकच दुखावतं. इथे दागिना आहे तो चेहराच, आणि त्याचं ओझं वाहतोय कुत्रा.

ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने दवाखान्यांतल्या नोंदी तपासून २०२२ साली निष्कर्ष काढला की इतर कुत्र्यांच्या तुलनेत पगला निदान एक तरी आजार असण्याची शक्यता जवळपास दुप्पट आहे. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या कुत्र्यांच्या आयुर्मानाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जॅक रसेल टेरियरचं अपेक्षित आयुष्य १२.७ वर्षं निघालं, तर पगचं साधारण ७.७.

या सगळ्यांत मला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०१२ सालचा आहे. श्वासाचा त्रास स्पष्ट दिसत असलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला श्वासाचा त्रास आहे का? निम्म्याहून अधिक मालक 'नाही' म्हणाले. घोरणं, घुरघुरणं, धापा टाकणं हे सगळं 'या जातीत असतंच' असं त्यांनी धरून चाललं होतं. आपल्याकडेही घोरणाऱ्या पगचे व्हिडिओ कौतुकाने पाठवले जातात. तो झोपेत गोड आवाज काढत नसतो, हवेसाठी झगडत असतो.

आपल्या उन्हाळ्यातला पग

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंज्यांत असतात. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, भराभर श्वास घेऊन बाहेर टाकतो. हवा नाकातल्या ओलसर पापुद्र्यांवरून आणि जिभेवरून जाते, पाणी वाफ होऊन उडतं आणि रक्त गार होतं. माठातलं पाणी गार होतं तेच हे तत्त्व. लांब नाकाच्या कुत्र्याकडे या कामासाठी भरपूर जागा असते. पगकडे ती नाही. त्यातून धाप वाढली की घसा सुजतो, घसा सुजला की वाट आणखी अरुंद होते आणि हवा ओढण्याच्या श्रमानेच अंग अधिक तापतं. या चक्रात सापडलेला पग काही मिनिटांत दगावू शकतो.

विदर्भातला पंचेचाळीस अंशांचा मे महिना त्याच्यासाठी उघड धोक्याचा आहे. पण मुंबई, कोकण, गोव्याची दमट हवाही तेवढीच वाईट. हवेतच पाणी भरलेलं असेल तर जिभेवरचं पाणी उडणार कसं? म्हणून पग असलेल्या घरात काही नियम पाळायलाच हवेत. फिरवणं ऊन चढण्याआधी आणि उतरल्यानंतर. बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडायचं नाही. गळ्यातल्या पट्ट्याने श्वासनलिकेवर दाब येतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेस वापरायचा. धाप थांबत नसेल, जीभ निळसर दिसत असेल, पाय लटपटत असतील तर अंगावर साधं पाणी ओतून, वारा घालून गार करायला लगेच सुरुवात करायची आणि तशाच अवस्थेत पशुवैद्याकडे न्यायचं. श्वास घेताना नेहमीच आवाज येत असेल, तर त्याच्या नाकपुड्या आणि टाळू तपासून घ्यावेत. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर बराच आराम पडतो.

दुसरी गोष्ट वजनाची. जातीच्या मापांप्रमाणे पगचं वजन ६.३ ते ८.१ किलो असावं. आपल्याकडच्या घरांत पोळीचा तुकडा, बिस्कीट, दूध, लाडाने दिलेला भात यांमुळे ते सहज दहा किलोच्या पुढे जातं. पगला भूक आवरत नाही आणि त्या डोळ्यांना नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. पण चरबी घशाभोवतीही साठते आणि वजनदार पगमध्ये श्वासाचा विकार बळावतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. त्याच्यावर माया असेल, तर ती ताटातून दाखवू नये. द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट तर कुठल्याच कुत्र्याला देऊ नये, ती त्याला विषासारखी आहेत. चेहऱ्यावरच्या घड्या रोज ओल्या कापडाने पुसून कोरड्या कराव्यात. डोळा लाल दिसला किंवा तो मिटून घेऊ लागला, तर त्याच दिवशी दाखवावं.

हे सगळं ज्याच्यासाठी करायचं, तो प्राणी मात्र खरोखर लोभस आहे. लॅटिनमध्ये त्याचं वर्णन 'थोड्यात पुष्कळ' या अर्थाच्या शब्दांत करतात. आपण मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणू. पग शांत असतो, लहान मुलांशी मिळून-मिसळून राहतो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाशी तासन्‌तास बसतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण हट्टी माणसासाठी असली, तरी पगच्या शेपटीचे ते दोन वेढे आनंदाचं माप असतात. गाढ झोपला की ते सैल होतात, घरचं माणूस दारात आलं की पुन्हा घट्ट. एकटेपणा त्याला सोसत नाही. दिवसभर कुलूपबंद घरात त्याला ठेवणं म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी तो जन्माला घातला, तीच त्याच्यापासून काढून घेणं.

चूक दुरुस्त होऊ शकते

माणसाने घडवलेला चेहरा माणूसच पुन्हा बदलू शकतो. नेदरलँड्सने २०१९ पासून आखूड तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक निकष लावले. कवटीच्या मानाने नाकाची लांबी एक तृतीयांशापेक्षाही कमी असलेल्या कुत्र्याची पैदास तिथे करता येत नाही. ज्या देशाने मॉप्सला युरोपात मान दिला, त्यानेच हे पाऊल उचललं आहे. जर्मनीत पग आणि टेरियर यांच्या संकरातून 'रेट्रोमॉप्स' तयार केले जातात. त्यांना पुन्हा थोडं नाक आलंय. ब्रिटनमध्ये पैदाशीपूर्वी कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून त्याचा श्वास तपासण्याची पद्धत २०१९ पासून सुरू आहे.

आपल्याकडे श्वान पैदास व विक्रीचे नियम २०१७ साली आले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता कामा नये, असं ते सांगतात. तरीही कुठल्याशा गाळ्यात वा घराच्या मागच्या खोलीत पिंजऱ्यातल्या मादीची वेतं काढून पिल्लं विकली जातात. ती विकली जातात, कारण आपण ती विकत घेतो.

म्हणून पग हवा असेल, तर आधी थांबा. जाहिरात पाहून, मुलाच्या वाढदिवसाला, भेट म्हणून तो आणू नका. आणायचाच असेल, तर पिल्लाचे आई-बाप स्वतः पाहा, त्यांचा चालताना येणारा आवाज ऐका आणि सर्वांत चपट्या नाकाचं नव्हे, तर सर्वांत मोकळ्या नाकपुड्यांचं पिल्लू निवडा. कुणी सोडून दिलेला पग प्राणिमित्रांकडे घराची वाट पाहत असतो, तो आणलात तर अधिक चांगलं. आणि नुसती सोबतच हवी असेल, तर आपल्या गल्लीतलं गावठी पिल्लूही तितक्याच निष्ठेने मागोमाग येतं. त्याचं नाक लांब आहे आणि आपला उन्हाळा त्याला ठाऊक आहे.

आणि पग आधीच घरात असेल, तर आज रात्री तो झोपला की त्याच्याजवळ बसून त्याचा श्वास ऐका. आवाज येत असेल, तर उद्याच त्याला डॉक्टरांकडे घेऊन जा.